नोकरी चालू ठेवून नवीन नोकरी शोधायचीय, पण वेळ नाही आणि त्राणही नाही: काय करायचं आणि कुठल्या क्रमाने

गेली काही वर्षं ओळखीतल्या लोकांचे रेझ्युमे बघून देते, इंटरव्ह्यूची तयारी करून घेते, आणि एकच गोष्ट परत परत दिसते. माणूस दिवसभर काम करून, घरचं आवरून रात्री अकराला आडवा होतो, मोबाईलवर जॉब पोर्टल उघडतो, तासभर स्क्रोल करत दिसेल तिथे अप्लाय दाबतो, दहा-बारा ठिकाणी रेझ्युमे जातो, कुठूनच उत्तर येत नाही, मग मार्केटच वाईट आहे म्हणून दीड महिना सगळं बंद. मग ऑफिसात काहीतरी बिनसतं आणि परत तीच रात्र, तेच स्क्रोलिंग.

ही माणसं आळशी नसतात हो. त्यांचा क्रम चुकतो. काय हवंय ते ठरवणं, स्वतःबद्दल लिहिणं, एखादी जाहिरात आपल्यासाठी आहे का हे ओळखणं, या सगळ्याला ताजं डोकं लागतं, आणि ते सगळं डोकं संपल्यावर, रोज रात्री नव्याने करायला घेतात. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच नियम आहे: निर्णय ताजेपणी एकदाच घ्यायचे आणि लिहून ठेवायचे, दमलेल्या रात्रीसाठी फक्त हाताने करायची कामं शिल्लक ठेवायची.

आठवड्याला साधारण ३ तास धरून लिहितेय. त्याहून जास्त वेळ असेल तर उत्तमच, पण घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, शिफ्टची नोकरी असेल तर ३ तासच खरे निघतात.

## पायरी १: पहिला आठवडा एकाही ठिकाणी अप्लाय करू नका

हे वाचून लोक चिडतात, कारण घाई असते. पण हा आठवडा वाया जात नाही.

सात दिवस, दिवसातून तीनदा (सकाळी, दुपारी, रात्री) मोबाईलच्या नोट्समध्ये एक आकडा टाका. २ म्हणजे डोकं चालतंय, १ म्हणजे कसंबसं, ० म्हणजे संपलो. बाकी काही लिहू नका. आठवड्याने बघितलं की बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं, रात्री जवळजवळ रोज ० असतो आणि शनिवारी सकाळी किंवा कामाला निघायच्या आधीचा अर्धा तास २ असतो.

आता यातून तीन वेळा काढा: एक ९० मिनिटांची, जिथे २ आहे, आणि दोन ४५ मिनिटांच्या, १ असेल तरी चालेल. मग कामं अशी वाटा:

- २ असताना: रेझ्युमे लिहिणं, इंटरव्ह्यूची तयारी, ऑफरचा विचार
- १ असताना: जाहिराती वाचून निवडणं, लोकांना मेसेज, फॉर्म भरणं
- ० असताना: शीटमध्ये नोंद करणं, फाईलींना नावं देणं, नाहीतर सरळ झोपणं

झोपणं मी गंमत म्हणून लिहिलेलं नाही. ० वर केलेलं अप्लिकेशन बहुतेक वेळा चुकीचं जातं, दुसऱ्याच कंपनीचं नाव राहतं, जुनी फाईल जोडली जाते, आणि काही कंपन्यांत त्याच जागेसाठी परत अर्ज करताच येत नाही.

सावध: घरात दुसरं कोणी असेल तर "मी नोकरी शोधतेय, जरा सांभाळून घे" एवढं सांगून भागत नाही. दिवस आणि वेळ सांगा, "शनिवारी आठ ते साडेनऊ मी दार लावून बसणार, तेवढा वेळ मुलाला तू बघ." नेमकी वेळ दिली की ती पाळली जाते, मोघम सांगितलं की कोणाच्या लक्षात राहत नाही.

## पायरी २: एक कागद, एकदाच

पहिल्या ९० मिनिटांत फक्त हा कागद करायचा.

सगळ्यात वर एक वाक्य: मी इथून का निघतोय. खरं कारण लिहा, हा कागद कोणाला दाखवायचा नाहीये. पगार, बॉस, प्रवास, कामात शिकण्यासारखं काही उरलं नाही, जे असेल ते. कारण स्पष्ट नसलं की माणूस तीच अडचण नव्या ठिकाणी घेऊन जातो, प्रवासाला कंटाळलेला माणूस थोड्या जास्त पगारासाठी त्याहून लांबची नोकरी घेतो आणि वर्षाने परत शोधायला लागतो. हे मी एकदा नाही, चार-पाच वेळा बघितलंय.

त्याखाली तीन याद्या करा, हवंच, असलं तर बरं, अजिबात नको. 'हवंच'मध्ये जास्तीत जास्त चार गोष्टी. पाचवी लिहावीशी वाटली तर आधीची एक खोडा.

मग एक आकडा: दर महिन्याला हातात किमान किती यायला हवेत. आजच्या पगारावर टक्के लावून हा काढू नका, घरखर्च, हप्ते, थोडी बचत मांडून काढा. हा आकडा आधी लिहिलेला असला की फोनवर एचआरने विचारल्यावर गडबडीत कमी बोललं जात नाही.

आणि शेवटी पदांची नावं. एकाच कामाला वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळं नाव देतात, त्यामुळे तुमच्या पदाची निदान तीन-चार नावं शोधून लिहा. एकाच नावाने सर्च करणाऱ्याला अर्ध्या जागा दिसतच नाहीत.

याच बसणीत एक प्रश्न स्वतःला विचारा, नोकरी बदलायचीय की विश्रांती हवीय? आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, सकाळी उठल्यावर छातीत धडधडत असेल, तर आधी डॉक्टर आणि रजा, मग हा लेख. आणि टीम किंवा शिफ्ट बदलून प्रश्न सुटणार असेल तर कंपनीतल्या कंपनीत बदली मागून बघा, त्याला सगळ्यात कमी त्रास लागतो आणि लोकांना ती शेवटपर्यंत सुचत नाही.

तपासा: हा कागद एखाद्या मित्राला दिला आणि पाच जाहिराती दिल्या, तर तुम्हाला न विचारता त्यातल्या दोन योग्य त्याला निवडता येतील का? येत नसतील तर कागद अजून मोघम आहे. "चांगलं वातावरण" असं लिहिलं असेल तर खोडून "सुट्टीच्या दिवशी फोन नको" असं लिहा.

## पायरी ३: सामान तयार ठेवा

यावर दोन ते तीन आठवडे जातील आणि ते जाऊ द्या. इथे कंजूषी केली की पुढे प्रत्येक अप्लिकेशनला तासभर लागतो.

### ३.१ केलेल्या कामांची यादी

रेझ्युमे उघडायच्या आधी एक साधी फाईल उघडा आणि गेल्या काही वर्षांत केलेल्या १५ ते २० गोष्टी लिहा. प्रत्येकाला तीनच ओळी: काय अडलं होतं, मी काय केलं, त्याने काय बदललं. भाषा सजवू नका, जसं आठवेल तसं टाका. आठवत नसेल तर स्वतःचं जुनं कॅलेंडर, वर्षाच्या आढाव्याचे फॉर्म, कोणी थँक्यू म्हणून पाठवलेले मेल चाळा, तिथे बरंच सापडतं.

"रिपोर्ट बनवण्याचं काम केलं" यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. "महिन्याचा रिपोर्ट बनवायला ४ दिवस लागायचे, शीटमध्ये फॉर्म्युले लावून तो १ दिवसावर आणला आणि टीममधल्या तिघांना शिकवला" यातून कळतं. माझ्या कामात आकडे नाहीत असं म्हणणारे खूप भेटतात, शिक्षक, रिसेप्शनवर काम करणारे, नर्स, सगळेच. आकडा म्हणजे फक्त विक्री नाही. दिवसाला किती लोक हाताळले, किती जणांना शिकवलं, कितीदा चुकायचं आणि नंतर किती, कुठलं काम तुम्ही नसलात की अडतं, हे सगळं चालतं. फक्त खरं लिहा, कारण इंटरव्ह्यूत याच ओळीवर बोट ठेवून विचारतात.

ही यादी तीन ठिकाणी वापरायचीय, रेझ्युमे, मेसेज आणि इंटरव्ह्यू. म्हणून इथला वेळ वसूल होतो.

सावध: यादी करताना ऑफिसच्या फाईली, क्लायंटची माहिती, कोड असलं काहीही स्वतःच्या मेलवर पाठवू नका. फक्त तुमच्या शब्दांत, आठवणीतून. याच कारणावरून लोकांना निघताना नोटीस आलेल्या आहेत.

### ३.२ एक मूळ रेझ्युमे

बऱ्याच कंपन्यांत रेझ्युमे आधी एका सॉफ्टवेअरमध्ये जातो, त्याला एटीएस म्हणतात. त्याची लोकांना फार भीती बसलीय, पण ते मुख्यतः फाईलमधला मजकूर वाचून रकान्यांत भरतं, म्हणजे एचआरला सर्च करता येतं. घोळ होतो तो फाईलच वाचता न आल्यामुळे. म्हणून:

- एकच कॉलम. दोन कॉलमच्या छान डिझाईनमध्ये ओळी एकमेकांत मिसळतात.
- टेबल, फोटोत लिहिलेला मजकूर, कौशल्यांचे स्टार किंवा पट्ट्या नकोत.
- फोन नंबर आणि ईमेल पानाच्या हेडरमध्ये टाकू नका, मुख्य मजकुरात सगळ्यात वर टाका, काही सिस्टीम हेडर वाचत नाहीत.
- जाहिरातीत वेगळं सांगितलं नसेल तर पीडीएफ.
- दोन पानांच्या आत.

तपासा: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. क्रम नीट आला, अक्षरं फुटली नाहीत, तर ठीक. नोटपॅडमध्ये गोंधळ दिसला तर सिस्टीमलाही बहुतेक तोच दिसणार.

मधे गॅप असेल तर एका ओळीत खरं कारण लिहा, "घरातल्या आजारपणामुळे ८ महिने ब्रेक" वगैरे. तारखा ओढूनताणून गॅप झाकू नका, जुन्या कंपनीकडून तारखा तपासल्या जातात आणि तिथे पकडलं गेलं की झालेली ऑफरही जाते.

### ३.३ तयार उत्तरं

एचआरचा फोन कधीही येतो, तुम्ही बसमध्ये असता, मूल रडत असतं. म्हणून मोबाईलमध्ये एक नोट ठेवा, त्यात यांची उत्तरं दोन-दोन ओळींत: सध्या काय करता, का बदलताय, नोटीस पिरियड किती, अपेक्षा किती, कुठे राहायला-जायला तयार आहात, इंटरव्ह्यूला कधी वेळ आहे. आणि सगळ्यात आधी हे वाक्य: "आत्ता बोलता येणार नाही, संध्याकाळी साडेसहानंतर फोन केला तर चालेल का?" असं म्हटल्याने कोणी तुम्हाला बाद करत नाही. घाईत, आवाजात अर्धवट बोललेला कॉलच जास्त नुकसान करतो.

"का बदलताय" याच्या उत्तरात सध्याच्या कंपनीची तक्रार नको, कितीही खरी असली तरी. पुढे काय करायचंय त्यावर बोला.

### ३.४ गुपित राखायची तयारी

स्वतःचा ईमेल, स्वतःचा फोन, स्वतःचं इंटरनेट. ऑफिसच्या लॅपटॉपवर रेझ्युमे उघडू सुद्धा नका, ऑफिसच्या मशीनवर काय चाललंय ते कंपनीला बघता येतं. लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क'चे दोन प्रकार आहेत, एक सगळ्यांना दिसतो आणि फोटोला हिरवी चौकट येते, दुसरा फक्त रिक्रूटर्सना दिसतो. नोकरी चालू असताना दुसरा घ्या. त्यात तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटर्सपासून लपवायचा प्रयत्न केला जातो पण पूर्ण खात्री लिंक्डइन स्वतःच देत नाही, त्यामुळे वातावरण फारच नाजूक असेल तर ते बंदच ठेवा. आणि एकाच दिवशी प्रोफाईलमध्ये दहा बदल करू नका, सहकाऱ्यांच्या लगेच लक्षात येतं.

## पायरी ४: शोध अलर्टवर सोपवा

२० कंपन्यांची यादी करा जिथे तुमच्या प्रकारचं काम असतं. त्यांच्या करिअर पेजवर अलर्ट लावा. पोर्टलवर पायरी २ मधल्या पदांच्या नावांनी दोन-तीन अलर्ट लावा, दिवसातून एकदाच मेल येईल असे, आणि ते मेल इनबॉक्समध्ये न येता वेगळ्या फोल्डरमध्ये जातील असा फिल्टर करा.

मग पोर्टलचं अ‍ॅप मोबाईलमधून काढून टाका. खरंच काढा. ठरलेल्या ४५ मिनिटांत फोल्डर उघडायचा, एरवी नाही. नवीन जाहिरात दोन-तीन दिवस जुनी झाल्याने बहुतेक ठिकाणी संधी जात नाही, पण रोज रात्रीच्या त्या तासाने झोप नक्की जाते.

## पायरी ५: माणसांना विचारा, आणि हे अप्लाय करायच्या आधी

सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम हेच, आणि वेळ कमी असलेल्याला सगळ्यात जास्त उपयोगाचंही हेच. संकोच वाटतो, मागणी केल्यासारखं वाटतं, मला समजतं. पण ओळखीतून गेलेला रेझ्युमे निदान एक माणूस उघडून वाचण्याची शक्यता खूप वाढते, आणि तुम्हाला फॉर्म भरण्यात जाणारे तास वाचतात.

कोणाला विचारायचं, इथे लोक चुकतात. जवळच्या मित्रांना विचारून थांबतात. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवलं होतं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. कारण साधं आहे, जवळच्यांना जे माहीत असतं ते तुम्हालाही माहीत असतं, लांबच्या माणसाकडे वेगळी खबर असते. म्हणजे जुन्या कंपनीतला सहकारी, कॉलेजचा सीनियर, कधीतरी एका प्रोजेक्टवर भेटलेली व्हेंडरकडची बाई.

अशी २५ नावं लिहा. आठवड्याला दोघांनाच मेसेज करा, जास्त नको, कारण उत्तरं आली की त्यांना वेळ द्यावा लागतो.

मेसेज असा काहीतरी:

"नमस्कार, आपण दोन वर्षांपूर्वी बिलिंगच्या प्रोजेक्टवर एकत्र काम केलं होतं. मी सध्या ऑपरेशन्समध्ये टीम लीडच्या जागा बघतेय, तुमच्या कंपनीत असं काम कसं चालतं ते १५ मिनिटं फोनवर विचारायचं होतं. येत्या आठवड्यात जमेल का? नाही जमलं तरी काही हरकत नाही. हे सध्या आपल्यातच ठेवाल तर बरं होईल."

बघा यात काय आहे: कुठली ओळख ते, नेमकं काय शोधताय ते, छोटी मागणी, नाही म्हणायची मोकळीक, आणि गुप्ततेची विनंती. "काही ओपनिंग असेल तर सांग" या मेसेजवर समोरचा काय करणार, त्याच्या मनात कुठलंच काम येत नाही, तो "हो नक्की" म्हणतो आणि विसरतो. चांगला माणूस असूनही विसरतो.

जागा निघालेली असेल तर सरळ विचारा, "या जागेसाठी माझा रेफरल टाकाल का?" (रेफरल म्हणजे कंपनीतल्या माणसाने आतून केलेली शिफारस) आणि सोबत जागेची लिंक, रेझ्युमे, आणि तुम्ही त्याला योग्य का याच्या तीन ओळी द्या, म्हणजे त्यांना फक्त पुढे पाठवायचं राहतं.

सावध: अनेक कंपन्यांत तुम्ही स्वतः आधी अर्ज केला की नंतर टाकलेला रेफरल धरला जात नाही. म्हणून आधी माणूस, मग फॉर्म.

## पायरी ६: अप्लाय, आठवड्याला तीन

तीनच. पण वाचून.

जाहिरात हातात घेतली की घड्याळ लावून १० मिनिटं द्या. पायरी २ चा कागद शेजारी ठेवा. 'अजिबात नको'मधलं काही दिसलं की लगेच बंद. मग जाहिरातीतल्या मुख्य अपेक्षा मोजा, साधारण निम्म्याहून जास्त तुमच्याकडे असतील तर पुढे जा. सगळ्या जुळल्याच पाहिजेत असं समजून थांबू नका, जाहिरात लिहिणारे त्यांना हवी असलेली सगळी यादी टाकतात. अपवाद एवढाच, जिथे परवाना, पदवी किंवा कामाची कायदेशीर परवानगी लागते, तिथे ती नसेल तर वेळ घालवू नका. फॉर्ममधल्या अशा हो-नाही प्रश्नांवरच बरेच अर्ज आपोआप बाजूला पडतात.

रेझ्युमेत फक्त तीन जागी बदल करायचे: वरच्या दोन-तीन ओळींची ओळख, सध्याच्या नोकरीखालचे पहिले तीन मुद्दे (३.१ च्या यादीतून उचलायचे), आणि कौशल्यांची ओळ. जाहिरातीत जो शब्द वापरलाय तोच शब्द घ्या, अर्थात ते काम तुम्हाला येत असेल तरच. एका अप्लिकेशनला ३० मिनिटांच्या वर लागत असतील तर मूळ रेझ्युमे कच्चा राहिलाय, पायरी ३ ला परत जा.

पाठवायच्या आधी तीन गोष्टी मोठ्याने वाचा: कंपनीचं नाव, पदाचं नाव, फाईलचं नाव. फाईलला तुमचं नाव आणि पद द्या, "फायनल नवीन २" असली नावं नकोत.

सावध, फसवणूक: दमलेला माणूस यात लवकर अडकतो. नोंदणी, ट्रेनिंग, लॅपटॉप, कशाच्याही नावाने पैसे मागितले की तिथेच थांबा. फक्त चॅटवर इंटरव्ह्यू घेऊन लगेच ऑफर, बँकेची माहिती किंवा ओटीपी मागणं, कंपनीच्या नावाशी न जुळणारा ईमेल, आजच पैसे भरा नाहीतर जागा जाईल असा तगादा, यातलं काहीही दिसलं तर कंपनीच्या अधिकृत साईटवर ती जागा आहे का ते स्वतः जाऊन बघा, त्यांनी पाठवलेल्या लिंकवरून नको.

## पायरी ७: नोंद आणि पाठपुरावा

एक शीट, सहा रकाने: कंपनी, पद, तारीख, कोणाच्या ओळखीने, कुठला रेझ्युमे गेला, पुढची तारीख. बस. जाहिरातीचा मजकूर कॉपी करून त्याच दिवशी ठेवा, कारण इंटरव्ह्यूचा फोन येईपर्यंत जाहिरात साईटवरून गेलेली असते आणि मग काय तयारी करायची तेच कळत नाही.

अर्ज केल्यावर ७ ते १० दिवसांनी एकदाच विचारा, चार ओळींत. तरी उत्तर नाही आलं तर शीटवर "बंद" लिहा. बंद लिहिणं महत्त्वाचं आहे, नाहीतर ते दहा अर्ज डोक्यात उघडेच राहतात आणि मेल चेक करण्यातच सगळं त्राण जातं.

तपासा, दर चार आठवड्यांनी: १२ अर्ज गेले आणि एकही फोन नाही, तर रेझ्युमे किंवा निवड चुकतेय, आणखी १२ पाठवण्यात अर्थ नाही. फोन येतायत पण पुढे जात नाही, तर पगाराची अपेक्षा किंवा पायरी ३.३ ची उत्तरं बघा. इंटरव्ह्यूपर्यंत जाऊन अडतंय, तर पुढची पायरी परत वाचा. कुठे अडतंय तेवढंच दुरुस्त करायचं, सगळं पहिल्यापासून करायचं नाही.

## पायरी ८: इंटरव्ह्यू

वेळ ठरवताना दिवसाची पहिली किंवा शेवटची वेळ मागा. दोन-तीन फेऱ्या असतील तर एकाच दिवशी घेता येतील का ते विचारा, बऱ्याचदा हो म्हणतात, फक्त कोणी विचारत नाही. रजा अर्ध्या दिवसाची, कारण "वैयक्तिक काम", त्यापुढे काही नाही. दर वेळी नवीन आजारपण सांगू नका, ते लक्षात ठेवावं लागतं आणि मनालाही लागतं.

तयारीला ९० मिनिटं पुरतात, ती अशी:

1. २० मिनिटं जाहिरात परत वाचून त्यातली चार मुख्य कामं काढा.
2. ४० मिनिटं ३.१ च्या यादीतून पाच-सहा किस्से निवडून मोठ्याने सांगा. परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केलं, काय झालं, या क्रमाने, प्रत्येकी दोन मिनिटांत. मनात म्हणून बघणं पुरत नाही, तोंडातून काढल्यावरच कुठे लांबतंय ते कळतं.
3. २० मिनिटं कंपनी काय करते, ही टीम काय करते.
4. १० मिनिटं तुमचे तीन प्रश्न. एक नक्की विचारा: "ही जागा का निघाली?" उत्तरापेक्षा उत्तर देताना ते अडखळतात का ते बघा.

किस्स्यांपैकी एक चुकीचा असू द्या, म्हणजे तुमच्याकडून काय चुकलं आणि नंतर काय बदललं. हा प्रश्न जवळजवळ सगळीकडे येतो आणि जवळजवळ कोणीच तयारी केलेली नसते.

आदल्या रात्री काही नवीन वाचू नका. ऑनलाईन असेल तर लिंक, माईक, चार्जर बघून ठेवा आणि झोपा.

घरी करायला काम दिलं तर आधी विचारा साधारण किती तास अपेक्षित आहेत. दोन-तीन तासांचं असेल तर ठीक. दोन-तीन दिवसांचं असेल तर नम्रपणे सांगा, "नोकरी सांभाळून मला एवढे तास देता येतील, त्यात हा भाग नीट करून देते." मी ज्यांना हे सांगायला लावलं त्यातल्या काहींना कंपनीने काम छोटं करून दिलं, एकदोघांना नाही म्हटलं.

## मधेच सगळं संपलं तर

तिसऱ्या-चौथ्या नकारानंतर हे होतं. तेव्हा शोध अर्धवट चालू ठेवू नका, तारीख लावून बंद करा: "पुढचे १० दिवस काही नाही, अमुक शनिवारी परत." अलर्टचा फोल्डर तसाच भरत राहू दे. परत आल्यावर जुने सगळे अलर्ट न वाचता डिलीट करा आणि ताज्या पासून सुरू करा. शोधाशिवायही काहीतरी सोडता येतं का बघा, ऑफिसातलं एखादं जास्तीचं काम ज्याला तुम्ही सवयीने हो म्हणता, ते या काळात घेऊ नका. आहे ती नोकरी नीट करा, पण जाता जाता तिच्यावर सगळा जीव ओवाळून टाकू नका.

## पायरी ९: ऑफर आणि राजीनामा, याच क्रमाने

1. तोंडी ऑफर आली की आनंदाने आभार माना आणि लेखी मागा. हो म्हणू नका. "लेखी आलं की दोन दिवसांत कळवते" एवढंच.
2. लेखी आल्यावर पायरी २ चा कागद काढा. 'हवंच'मधल्या चारही गोष्टी आहेत का? वर्षाचा मोठा आकडा न बघता महिन्याला हातात किती येणार ते विचारा, त्यात बोनस धरलाय का, तो नक्की आहे की कामगिरीवर, हेही. प्रोबेशन किती, नोटीस किती, लवकर सोडलं तर काही परत करावं लागतं का.
3. वाढवून मागायचं असेल तर आत्ताच, एकदाच, कारणासकट आणि एक आकडा सांगून. सही झाल्यावर नाही.
4. पार्श्वभूमीची तपासणी बाकी असेल तर ती पूर्ण झाल्याचं कळेपर्यंत शक्यतो थांबा. रुजू व्हायची तारीख तुमच्या नोटीसशी जुळते ना ते लेखी घ्या.
5. सही करा. मग राजीनामा. आधी बॉसशी समोरासमोर, मग लगेच मेल, तारखेसकट.

सावध: राजीनामा दिल्यावर "पगार वाढवतो, थांब" असं म्हणू शकतात, आणि दमलेल्या माणसाला ते फार सोपं वाटतं. तेव्हा कागदावरचं सगळ्यात वरचं वाक्य वाचा. तिथे फक्त पगार लिहिला असेल तर विचार करा, आणि तेही लेखी. तिथे दुसरं काही लिहिलं असेल तर पगाराने ते बदलणार नाही.

शेवटच्या दिवसाच्या आधी, लॉगिन बंद व्हायच्या आत, तुमच्या स्वतःच्या गोष्टी घ्या: सगळ्या पगाराच्या पावत्या, नेमणुकीचं पत्र, कराची कागदपत्रं, अनुभवाचं पत्र कोण आणि कधी देणार त्याचं नाव-नंबर. आणि ३.१ ची फाईल डिलीट करू नका, महिन्यातून एकदा १० मिनिटांचं रिमाइंडर लावून तिच्यात नव्या नोकरीतलंही टाकत राहा.